वेखंड: बाळाला उगाळून द्यायचं की नुसतं वरून लावायचं?

खारी_बिस्कीट

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर सांभाळून घ्या. मुलगी साडेतीन महिन्यांची आहे, दूध अंगावरचंच, वजन नीट वाढतंय. आईकडे होते तोवर काही प्रश्न नव्हता कारण आईला स्वतःलाच काही आठवत नाही, ती माझ्यासमोर बसून गूगल करते. आता पुण्याला परत आलेय आणि सासूबाई आल्यात कणकवलीहून, येताना एक स्टीलचा डबा घेऊन आल्यात, आत पांढऱ्या फडक्यात बाळगुटी. हळकुंड, सुंठ, जायफळ, मायफळ, बाळहिरडा, काकडशिंगी, मुरुडशेंग, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम आणि वेखंड. सोबत तळहाताएवढी दगडी सहाण, मध्ये घासून घासून खोलगट झालेली, ती त्यांच्या सासूबाईंची आहे म्हणे.

बाकी सगळं मला निदान नावाने तरी माहिती होतं पण हे वेखंड पहिल्यांदा हातात घेऊन बघितलं. करंगळीएवढा तुकडा, चपटा, आडव्या रेघा रेघा आणि खालून मुळं तोडल्याचे ठिपके, आणि वास असा की डबा उघडला की हॉलमध्ये बसलेल्या नवऱ्याला कळतं. मला तो वास आवडला खरं तर, पण एकदा नुसतं नख लावून जिभेला लावून पाहिलं तर दहा मिनिटं तोंड कडू आणि जीभ चरचरत होती. हे बाळाला द्यायचं??

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलंय की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणी पण नाही, गुटी तर नाहीच नाही. हे मी घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या "डॉक्टर काय रात्री पोराक घेवन जागतत?" आणि मग नेहमीचं, "चार पोरां वाढवलंय मी, एकाक तरी काय झालां?" भांडण असं नाही, त्या प्रेमळ आहेत, पण दोन दिवस सहाण ओट्यावर तशीच पडून आहे आणि तिच्याभोवतीने आम्ही दोघी स्वयंपाक करतोय.

तर विचारायचं असं की १) पोटात द्यायचं का, २) आंघोळीनंतर टाळूवर आणि कानामागे वेखंड पावडर लावतात ती चालते का, पोट फुगल्यावर हिंग आणि वेखंडाचा लेप बेंबीभोवती लावतात त्याचं काय, ३) पावडरसाठी काष्ठौषधीच्या दुकानात गेले तर त्याने विचारलं "बाळवेखंड की घोडवेखंड", मी म्हटलं बाळासाठी हवंय तर म्हणाला मग बाळवेखंड, आणि दिलं ते सासूबाईंच्या तुकड्यासारखं दिसतही नाही आणि वासही जेमतेम. हे नक्की काय आहे?

---

अळूवडी_गरमगरम

अगं इतकं काय टेन्शन घेतेस, माझ्या दोन्ही मुलांना बाराव्या दिवसापासून गुटी दिली, वेखंडासकट, एक आज इंजिनियर आहे आणि दुसरी दहावीला, दोघंही ठणठणीत. आजकालचे डॉक्टर सगळ्यालाच नाही म्हणतात. आपल्या पिढ्यानपिढ्या काय वेड्या होत्या का.

---

भर_दुपारी

अळूवडी, राग मानू नका पण हा युक्तिवाद मला कधीच पटत नाही. ज्यांचं चांगलं झालं ते लिहायला आहेत. माझ्या आजीला अकरा मुलं झाली, त्यातली सहा राहिली, बाकीची पाच कशाने गेली विचारलं तर ती म्हणायची "असंच, ताप आला, पोट आलं". गुटीने गेली असं मी अजिबात म्हणत नाहीये, बहुतेक नसतीलच, पण कोणी तपासलंय? तेव्हा पिढ्यानपिढ्या द्यायचे हे खरं, आणि पिढ्यानपिढ्या काय काय झालं ते कोणी लिहून ठेवलं नाही हेही खरं.

---

निवडुंग

मी वैद्य आहे, सातारा भागात दवाखाना आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या खायची सवय आहे. जरा लांबेल.

आधी तिसरा प्रश्न, कारण त्यातच सगळा घोळ आहे. वेखंड म्हणजे संस्कृतात वचा, शास्त्रीय नाव ॲकोरस कॅलॅमस. उग्रगंधा हे त्याचंच नाव (का ते तुम्ही डबा उघडलात तेव्हा कळलंच), षड्ग्रंथा म्हणजे गाठीगाठींचं, गोलोमी म्हणजे गाईच्या केसांसारखे केस असलेलं. सासूबाईंच्या डब्यातला तुकडा वर्णनावरून तरी अस्सल आहे. हिंदीत यालाच बच किंवा घोडबच म्हणतात, म्हणजे तुमच्या दुकानदाराचं "घोडवेखंड" हेच खरं वेखंड. बाळवेखंड म्हणून जे विकतात ते दुकानागणिक बदलतं, कुठे आयरिसच्या जातीचं मूळ असतं, कुठे हिमालयातलं भलतंच काहीतरी, आणि नावात बाळ आहे म्हणून बाळाला चालेल असं मुळीच नाही. जे ओळखता येत नाही ते घरात ठेवू नका, परत करा. हा घोळ आजचा नाही, भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात कुलिंजनालाही वचेचाच एक प्रकार धरलाय आणि चोपचिनीला तर "द्वीपांतर वचा" म्हटलंय, म्हणजे समुद्रापलीकडून आलेली. पोर्तुगीजांबरोबर फिरंगरोग (सिफिलिस) आला आणि त्याच्यावरचं औषध म्हणून ही आली. वनस्पती पूर्ण वेगळी, नाव मात्र वचेचं, तेव्हा नावावर जाऊ नये.

आता पोटात देण्याचं. वच् म्हणजे बोलणे, त्यावरूनच वचा. म्हणून मूल बोलायला उशीर करतंय, बोबडं बोलतंय की लगेच वेखंड मधात उगाळून जिभेला चाटवायचं ही पद्धत. ग्रंथांमध्ये बुद्धी, स्मृती, वाणी यांसाठी वचा भरपूर आहे, सारस्वत चूर्णात तर बाकी सगळी औषधं मिळून जेवढी होतात तेवढी एकटी वचा घालतात आणि वर ब्राह्मीच्या रसाच्या भावना देतात, म्हणजे त्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून घोटतात. पण लोक जे सांगत नाहीत ते असं की हेच ग्रंथ वचा शुद्ध करून घ्यायला सांगतात, गोमूत्रात, मग मुंडी नावाच्या वनस्पतीच्या काढ्यात, मग पंचपल्लवाच्या (पाच झाडांच्या पालवीच्या) काढ्यात उकळून. आणि जास्त मात्रेत ती वांती करवते, वमन द्यायचं असतं तेव्हा गेळफळाबरोबर आम्ही ती मुद्दाम वापरतो. म्हणजे तुमची जीभ चरचरली ती काही नाजूक म्हणून नाही, द्रव्यच तसं आहे, तिखट कडू आणि उष्ण. साडेतीन महिन्यांच्या पोटाला कच्चं, न शोधलेलं, उगाळून, अंदाजाने... मी देत नाही. माझ्या स्वतःच्या नातवाला दिलं नाही आणि बायकोने आठवडाभर अबोला धरला.

आधुनिक बाजू पण ऐका. वेखंडाच्या तेलात बीटा-ॲसारोन नावाचा घटक असतो. आपल्याकडच्या वेखंडाच्या तेलात मोठा हिस्सा त्याचाच, उलट अमेरिकेतल्या मूळच्या जातीत तो जवळजवळ नसतोच, म्हणून तिकडच्या लोकांचे अनुभव वाचून इकडे काही ठरवू नका. उंदरांना जम्मूकडच्या वेखंडाचं तेल दीर्घकाळ खायला घातलं तेव्हा आतड्यात गाठी झाल्या, त्यानंतर अमेरिकेत १९६८ मध्ये खाण्याच्या पदार्थांत वेखंड आणि त्याचं तेल घालायला बंदी आली, ती अजून आहे. आता उंदीर म्हणजे माणूस नाही आणि तेल म्हणजे सहाणेवरचा एक वेढा नाही हे मलाही कळतं. पण ज्या गोष्टीची बाळाला गरजच नाही तिथे धोका लहान आहे की मोठा याचा हिशेब कशाला मांडायचा. आणि मध! वर्षाच्या आत मध कशाबरोबरच नको, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते, हे मात्र आज्यांना ठणकावून सांगा.

वरून लावायचं असेल तर लेप पातळ, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला ठिपकाभर लावून बघायचं, लाल झालं नाही तर बेंबीभोवती, बेंबीत नाही, अर्ध्या तासात कोमट पाण्याने पुसून टाकायचं. पावडर टाळूवर चिमूटभर हाताने टेकवायची, डबीतून भुरभुरायची नाही, नाकात गेली तर बाळ शिंकून शिंकून बेजार होतं आणि छातीलाही ती चांगली नाही. पोट दगडासारखं कडक वाटत असेल, हिरवी उलटी असेल, बाळ दूध सोडत असेल तर लेप-बिप बाजूला ठेवून डॉक्टरकडे.

---

अळूवडी_गरमगरम

वैद्यकाका शोधनाचं माहिती नव्हतं. आम्ही तर वाण्याकडून आणलेलं तसंच उगाळायचो. पण धुरीला तरी घालायचं ना? निखाऱ्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीच्या साली आणि वेखंडाचा चुरा, त्याच्याशिवाय बाळंतिणीच्या खोलीला वासच येत नाही.

---

निवडुंग

वास येतो म्हणजेच धूर फुफ्फुसात जातो हो. बंद खोलीत बाळाला धुरावर धरणं नको. खोली आधी धुपवून, खिडक्या उघडून, धूर गेला की बाळ आत न्या, वास राहतोच.

---

फिल्टर_कापी

मी मराठी पण नोकरीमुळे सहा वर्षं चेन्नईत आणि आता बंगळुरात, त्यामुळे हा धागा बघून एकदम शेजारच्या पाटी आठवल्या (पाटी म्हणजे आजी, शाळेची नव्हे). तिकडे वेखंडाला वसंबु म्हणतात, मल्याळीत वयंबु, इकडे कानडीत बजे. तमिळ घरात बाळाच्या मनगटात काळ्या दोऱ्यात वसंबूच्या चकत्या ओवून बांगडीसारखं बांधतात, बाळ हात तोंडात घालतं तेव्हा आपोआप थोडं चोखलं जातं आणि दृष्टही लागत नाही असा दुहेरी फायदा. दुसरं नाव पिळ्ळै वळर्प्पान, म्हणजे चक्क "पोरं वाढवणारा". आणि सगळ्यात गंमत म्हणजे काही घरांत संध्याकाळनंतर त्याचं नावच घेत नाहीत, "नाव न घ्यायचं औषध" असंच म्हणतात, मला पहिल्यांदा दुकानात एका बाईंनी हळूच खुणेने मागितलेलं आठवतंय.

पाटी ते कच्चं कधीच द्यायच्या नाहीत. समईच्या ज्योतीवर तुकडा धरून पूर्ण काळा कोळसा होईपर्यंत जाळायच्या, मग तो कोळसा दगडावर उगाळून बेंबीभोवती लावायचा आणि बोटाच्या टोकाला उरलेलं जिभेला. जाळल्यामुळे तेल उडून जात असणार असं मला वाटायचं, निवडुंग काका सांगतील. आमचा मुलगा झाला तेव्हा त्यांनी बांगडी करून दिली होती, आठव्या दिवशी एक चकती निघून हातात आली, नशिबाने हातातच, तोंडात नाही. मी त्याच दिवशी काढून पाळण्याच्या वर खिळ्याला अडकवली, पाटींना सांगितलं दृष्ट तिथूनही निघते, त्यांना पटलं की नाही माहिती नाही पण हसल्या.

बाय द वे तुमकूरच्या बाजूला याची शेती होते, चिखल करून भातासारखं लावतात. लांबून खरंच भातखाचरच वाटतं.

---

निवडुंग

फिल्टर_कापी, भाजल्यावर उडनशील तेल कमी होतं हे बरोबर, म्हणजे त्या आजीबाई एका अर्थी शोधनच करत होत्या. किती कमी होतं ते ज्योत आणि हात यावर, म्हणून माझं उत्तर तेच, जिभेला नको. बांगडी काढलीत ते शंभर टक्के बरोबर.

---

माडाखाली

लावण्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे कुडाळात न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे एका बाजूला अळू आणि एका बाजूला वेखंड, दोघांनाही पाय सतत ओले लागतात. पात तलवारीसारखी, कमरेएवढी, एका कडेला बारीक चुण्या पडल्यासारख्या असतात आणि चुरगाळली की वास येतो, गड्ड्याइतका उग्र नाही, जरा संत्र्याच्या सालीकडे झुकणारा. फूल क्वचितच, पातीच्या मध्येच बाजूला करंगळीसारखं हिरवट कणीस फुटतं, बघणाऱ्याला वाटतं पातीला काहीतरी रोग झालाय. हे झाड दिसायला इतकं साधं पण एकदल वनस्पतींच्या वंशवृक्षात सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी ह्याची आहे, म्हणजे भात, माड, केळ, ऊस हे सगळे एकीकडे आणि वेखंड एकटं एकीकडे. पूर्वी अळवाच्या कुळात धरायचे, आता स्वतःचं वेगळं कूळ दिलंय. आमच्या न्हाणीमागे मात्र अजून शेजारी शेजारीच आहेत.

गड्डा जमिनीत खोल जात नाही, आडवा सरपटत जातो. वर्षभराने पात पिवळी पडायला लागली की खणायचं, धुवायचं, बोटबोटभर तुकडे करायचे, दोन दिवस ऊन देऊन गोणपाटात घालून घोळायचं म्हणजे वरचे केस जातात, मग पुन्हा वाळवायचं. आई तेव्हा खळ्यात कोणाला बसू द्यायची नाही, डोकं धरतं त्या वासाने.

आणि पोटात देण्यावरून तुम्ही सगळे भांडताय, आमच्या घरी त्याचा खरा खप तांदळाच्या कणगीत आणि कपड्यांच्या ट्रंकेत होता. लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्यांमध्ये पण तुकडा असायचाच. कसर लागत नाही, सोंड्याकिडे येत नाहीत. ते जे बीटा-ॲसारोन का काय, त्यानेच किड्यांची पैदास थांबते. जे किड्याचं पोट बसवतं ते पोराच्या पोटात घालू नये एवढं माझ्या डोक्यात शिरतं, बाकी मी काही वैद्य नाही. सर्दीला मात्र मी अजूनही उगाळून कपाळाला आणि नाकाच्या दांडीला लावतो, ऊब चांगली येते, डोळ्यांत गेलं तर मात्र आई आठवते.

---

भर_दुपारी

हे "किड्याचं पोट बसवतं" सासूबाईंना सांगू नका खारी_बिस्कीट, घरात महायुद्ध होईल 😀

---

खारी_बिस्कीट

तीन आठवड्यांनी परत आलेय, सॉरी, बाळ झोपत नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार, निवडुंग काकांचं तर प्रिंट काढून नवऱ्याला वाचायला दिलं.

सासूबाईंना मी काही वाचून दाखवलं नाही. एवढंच विचारलं की आई तुम्ही नक्की किती द्यायच्या ते मला करून दाखवा, मला शिकायचंय. त्या इतक्या खूश झाल्या की लगेच सहाण धुवून, उकळलेलं पाणी गार करून बसल्या. हळकुंडाचे दोन वेढे, जायफळाचा एक, बदामाचे चांगले सात-आठ, खारीक, आणि सगळं झाल्यावर वेखंड घेतलं आणि सहाणेला नुसतं टेकवल्यासारखं केलं, अर्धा वेढा पण नाही. मी म्हटलं एवढंच? तर म्हणाल्या माझी सासू दोन वेढे घालायची, पण दुसऱ्याच्या वेळी (म्हणजे माझे दीर) रात्रभर उलट्या केल्या त्याने, हात पाय गार पडले होते, पहाटे बैलगाडीने डॉक्टरांकडे न्यायला लागलं. "तेव्हापासून मी वेखंड शेवटाक घेतंय आणि नुसता दाखवतंय." मी काही बोलले नाही. त्याही थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग सहाणेवरचं सगळं बोटाने गोळा केलं आणि स्वतःच चाटून टाकलं, वाया कशाला घालवायचं म्हणून.

गुटीचा डबा सहा महिन्यांपर्यंत वरच्या फळीवर गेलाय, नंतर काय ते डॉक्टरांना विचारून. धुरी खोलीला होते, बाळाला नाही. पावडर टाळूवर हाताने. लेप दोनदा लावला, दोन्ही वेळा बाळ शांत झालं, आता ते लेपाने की सासूबाईंच्या गरम हाताने ते मला सांगता येणार नाही, त्या चोळतात छान. बाळवेखंड दुकानदाराने परत घेतलं नाही, फेकून दिलं. आणि अस्सल वेखंडाचे चार तुकडे माझ्या शालूच्या कपाटात ठेवलेत, तिथेच खाली नवऱ्याचे ऑफिसचे शर्ट असतात त्यामुळे परवा त्याला मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं की घरी बाळंतीण आहे का.

माडाखाली, तुमच्याकडून ओल्या गड्ड्याचा तुकडा कुरियरने मिळेल का? बाल्कनीत टब आहे. सासूबाई म्हणतात दुकानातलं वाळलेलं रुजत नाही.

---

माडाखाली

नाहीच रुजत, बरोबर सांगतात त्या. पत्ता व्यनि करा, डोळा असलेला तुकडा ओल्या गोणपाटात गुंडाळून पाठवतो. टबाला भोक पाडू नका, आणि डास होऊ नयेत म्हणून दोन गप्पी मासे सोडा.